लाल अळंबी आणि आपला दावा
(कुपवाड येथील बैठकीत केलेले भाषण)



इथं कुपवाडात, एमआयडीसीच्या कारखान्यांशेजारी बसून अळंबीची गोष्ट कशाला, असं काहींना वाटंल. पण आज आपण वनहक्काचा दावा लिहायला शिकतोय, आणि अळंबीचा त्या कागदाशी संबंध आहे.

पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यावर लहानशी, लाल-शेंदरी, पंख्यासारखी अळंबी येते. हाताला चिवट लागते, खालून बारीक बारीक भोकं असतात. ती आपण खात नाही. तिचं काम वेगळं. ती मेलेलं लाकूड कुजवते, त्याची माती होते. म्हणून सरपणाला काटक्या न्याव्यात, पण जाड कुजका ओंडका जागेवर राहू द्यावा.

दुसरी वारुळावरची. वाळवी आत तिची शेती करते आणि पाऊस लागला की ती वर येते. ही आपण खातो. आपल्या आज्या ती हातानं काढतात, वारूळ फोडत नाहीत. वारूळ मोडलं तर पुढच्या साली भाजी कुठली?

कुठली खायची आणि कुठली कुत्र्याची छत्री, हे आपल्याला घरात शिकवलं. चांदीचं नाणं टाकून विष कळतं म्हणतात, ते खोटं. ओळख नसंल तर खाऊच नये. ही ओळख एका पावसात येत नाही, पिढ्या लागतात. आम्ही म्हणतो, हाच आपला पुरावा.

2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क आहे. त्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, कंदमुळं ही नावं आहेत. अळंबीचं नाव नाही. म्हणून सामूहिक दाव्यात आपणच ते स्पष्ट लिहायचं. 2008 च्या नियमांत कंदमुळं, रानफळं, वनउपज गोळा करण्याच्या जागा पुरावा म्हणून धरल्या आहेत. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. मात्र एकाच पुराव्यावर थांबू नका, एकापेक्षा जास्त लागतात.

तर घरी गेल्यावर आजीजवळ बसा. कुठलं वारूळ, कुठला ओढा, कुठला महिना, तिथं काय मिळतं, सगळं तिच्या तोंडून लिहून घ्या. वाचून दाखवा, अंगठा घ्या, ग्रामसभेत ठेवा. आजी आहे तोवर हे काम करायचं. तिच्यामागं ते कुठल्या दप्तरात सापडणार नाही.

जिंदाबाद!