उन्हाची फुले आणि घरचे बी



या व्यासपीठावरून आपण राज्यकारभार, वेदान्त, साहित्य अशा मोठमोठ्या विषयांवर ऐकता. मी आज मूठभर बी घेऊन आलो आहे. विषय लहान, म्हणून प्रथम आपली क्षमा मागावी असे मनात होते. पण ज्या यवतमाळ जिल्ह्यात रोहिण्या लागल्या की घरोघर बियाण्यावाचून दुसरी गोष्ट निघत नाही, तिथे बियांविषयी बोलायला क्षमा कशाला मागायची?

आपले ऊन हा आपल्या नित्याच्या तक्रारीचा विषय. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मग अंगणात काय उगवणार, असे आपण म्हणतो. परंतु उन्हावाचून रुसणारी फुलझाडे पुष्कळ आहेत. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस ही मूळची मेक्सिकोकडची. सकाळी दहाच्या सुमारास उमलणारे आपले ‘ऑफिस टाईम’ दक्षिण अमेरिकेचे. सदाफुली मादागास्कर बेटावरची. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तोही समुद्र ओलांडून आलेला पाहुणाच आहे. या सर्वांना दिवसातून निदान सहा तास उघडे ऊन हवे. भिंतीच्या सावलीत लावाल तर काड्या लांबतील, फुले येणार नाहीत.

ऊन आपल्याकडे फुकट आहे. अडचण आहे ती जमिनीची. आपली काळी कापसाची जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पहिल्या वर्षी मी झेंडूचे बी बोटभर खोल पुरले. रात्री मोठा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि वाफ्यावर अशी खपली धरली, की एकही कोंब वर आला नाही. मी बियांना दोष देत बसलो. शेजारच्या एका आजीबाईंनी वाफा पाहिला आणि म्हणाल्या, “बापा, बी पेरलं का गाडलं?” तेव्हापासून मी त्यांचाच नियम पाळतो: बी जितके जाड, तितकीच त्यावर माती. वाफा वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी साचत नाही. मातीत कुजलेले शेणखत आणि नदीची रेती मिसळावी, बी रेतीत कालवून ओळीत टाकावे, आणि झारीने हलके पाणी द्यावे.

मृगाचा पाऊस स्थिरावला, की झेंडू पेरावा. आठवड्याच्या आत तो उगवतो. तीन-चार आठवड्यांनी, चार-पाच पाने झाली की, संध्याकाळी रोपे उपटून दीड दीड फुटावर लावावीत. पुढे महिनाभराने शेंडा खुडावा. जीव हळहळतो खरा, पण एका शेंड्याच्या जागी चार फांद्या फुटतात आणि दसऱ्याला ताट भरते. झिनियाला मूळ हललेले खपत नाही, म्हणून तो जागच्या जागी पेरावा आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावे. नाही तर भुरी येते. कॉसमॉसला खत घालून लाडावू नये. तो नुसता पाल्याने माजतो. ‘ऑफिस टाईम’चे बी धुळीसारखे बारीक असते, त्यावर माती घालूच नये.

ही झाली एका हंगामाची मंडळी. बहुवर्षायू झाडांतही बियांपासून सहज येणारी आहेत. गोकर्णाचे कठीण बी रात्रभर पाण्यात भिजवावे. गुलबक्षीचे बी काळ्या मिऱ्याएवढे. झाड वरून वाळले तरी जमिनीतला कंद पावसात पुन्हा फुटतो. सदाफुलीचे बी उगवताना अंधार मागते, पण झाड उन्हातच खुलते. शेळी तिला तोंड लावीत नाही, कारण ती विषारी आहे. आणि त्याच विषातून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एका वर्षी मी झेंडूच्या संकरित बियांचे महाग पाकीट आणले. फुले अशी आली, की रस्त्याने जाणारे थांबत. मी त्यांचे बी धरले आणि पुढच्या वर्षी पेरले. कुणी उंच, कुणी बुटके, कुणी दाट, कुणी विरळ. एकाचा मेळ दुसऱ्याला नाही! यात फसवणूक कोणाची नव्हती. दोन निराळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी दिसते आणि दुसऱ्या पिढीत लपलेले गुण वेगवेगळे होऊन बाहेर पडतात, हे मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्येच मांडले होते.

फुलात जे मौजेचे, ते शेतात मोलाचे. १९७० मध्ये सुरतहून ‘एच-४’ हा कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण निघाला. २००२ पासून बीटी कपाशी आली, तीही आपल्याकडे मुख्यतः संकरित रूपात. संकराने उत्पन्न वाढवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याच गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते आणि त्यांनी संकरित ज्वारीचा केवढा पुरस्कार केला! पण दरसाल बियाणे विकत आणण्याची सवय लागली, आणि उभ्या पिकातून बी निवडणारी नजर घराघरांतून गेली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. परंतु हक्क कागदावर आणि हात रिकामे, अशी स्थिती होता कामा नये. ती नजर परत आणायला अंगणातला वाफा पुरेसा आहे.

रीत सोपी आहे. सरळ वाणाच्या, सर्वांत निरोगी झाडावरचे उत्तम फूल आधीच हेरून त्याला दोरा बांधावा. उरलेसुरले बी धरू नये. आपण हार करायला चांगली फुले तोडतो आणि बियांना मरतुकडी ठेवतो, तिथेच वाण बिघडतो. फूल झाडावरच वाळू द्यावे, दव उडाल्यावर तोडावे, सावलीत सुकवावे, आणि राख घालून कोरड्या बाटलीत भरून वर नाव व साल लिहावे. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी खुशाल पेरावे.

माझी आई गेल्यावर फळीवर तिची एक डबी सापडली. आत फडक्यात बांधलेले झेंडूचे बी होते, तिच्या हातचे. तिची आठवण म्हणून मी ते पंधरा वर्षे जपून ठेवले. मग एका मृगात भीतभीत पेरले. एकही उगवले नाही. त्या दिवशी मला कळले, की बी जपायचे म्हणजे डबीत ठेवायचे नव्हे, दरवर्षी पेरायचे. तिने तसेच केले होते. मीच खंड पाडला.

मृगाला अजून अवकाश आहे. दाराशी मी झेंडूच्या आणि गोकर्णाच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक न्यावी, आणि पुढच्या वसंतात तिच्या दोन करून शेजाऱ्याला द्याव्यात.