संगीताचा विद्यार्थी आणि ध्वनिमुद्रण

गाणें शिकणें म्हणजे गुरूसमोर बसून ऐकणें आणि ऐकलेलें गळ्यांत उतरेपर्यंत घोकणें, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची नाहीं. परंतु आज पुष्कळ शाळकरी मुलांच्या हातीं मोबाईल आहे. त्यांत आवाज टिपण्याची आणि चलच्चित्र घेण्याचीही सोय आहे. हें यंत्र त्यांच्या हातून काढून घ्यावें, कीं तें वापरण्याची शिस्त त्यांना लावावी, हा प्रश्न संगीतशिक्षकांपुढें व पालकांपुढें उभा आहे. त्याचें उत्तर शहरांतील वर्गापेक्षां धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूरसारख्या गांवीं अधिक स्पष्ट दिसतें.

लोहारा तालुक्यांतील सास्तूरचें नांव घेतलें कीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक झोंपी गेले होते. चार वाजण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतां भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. ज्या गांवांची फार मोठी हानि झाली त्यांत सास्तूर होतें. मृतांची गणती झाली, पडलेल्या घरांचीही झाली. पण गेलेल्या बायकांच्या कंठांत कोणत्या ओव्या होत्या, यासाठीं पंचनाम्यांत रकाना नसतो.

पूर्वीं याच पहाटेच्या प्रहरीं घरोघर जातें सुरू होत असे. दळतां दळतां माहेर, सासर, लेकरें, पंढरीचा विठ्ठल, दुष्काळ, सगळें ओवींत येई. पिठाची गिरणी आली, कष्ट वांचले, आणि त्याबरोबर तें गाणेंही थांबलें. जात्यावर बसून गाणाऱ्या बायका आतां वृद्ध झाल्या आहेत. म्हणून हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं.

तें कसें करतां येतें याचा उत्तम नमुना महाराष्ट्रांतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनीं गांवोगांवच्या जात्यावरील ओव्या जमविण्याचें काम हातीं घेतलें. बर्नार्ड बेल हे संगीताचे व संगणकाचे जाणकार त्यांना येऊन मिळाल्यावर १९९० नंतरच्या दशकांत पद्धतशीर ध्वनिमुद्रण झालें; बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांत १९९६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या टिपल्या गेल्या, त्या याच उपक्रमांत. एक हजाराहून अधिक गांवांतील तीन हजारांहून अधिक गायिकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या या संग्रहांत आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि कित्येक गायिकांच्या घरीं पुन्हा जाऊन त्यांचीं चलच्चित्रें घेतलीं. ओवीबरोबर गायिकेचें नांव व गांव दिलेलें असतें. विद्यार्थ्यांनीं शिकण्याची पहिली गोष्ट हीच.

नांव सांगण्याची ही रीत ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. तबकडी मोठ्या मुश्किलीनें तीन मिनिटांची. तेवढ्यांत राग मांडून त्या शेवटीं इंग्रजींत आपलें नांव सांगत. तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांना गाणारी व्यक्ति कोण हें कळावें, एवढाच त्यांत हेतु होता. आजच्या मुलानेंही मुद्रणाच्या आरंभीं गाणाऱ्याचें नांव, गांव, दिनांक आणि गाण्याचा प्रसंग स्पष्ट उच्चारावा. कागद हरवतो, पण गाण्याला चिकटलेलें नांव सहसा हरवत नाहीं.

शिकवण्याचा क्रम कसा असावा? पहिल्या दिवशीं यंत्र पेटींतच राहूं द्यावें. मुलांना खोलींत पांच मिनिटें स्वस्थ बसवून जें जें ऐकूं येईल तें लिहावयास सांगावें. पंखा, विहिरीवरची मोटार, पत्र्याची कुरकुर, शेजारचा टीव्ही : इतके आवाज आपल्याभोंवतीं असतात हें त्यांना प्रथमच कळतें. मग माइक गाणाऱ्यापासून सुमारें हातभर अंतरावर ठेवावा. जात्याच्या घरघरीखालीं शब्द बुडतील इतका तो जात्याजवळ नसावा. उघड्या सिमेंटच्या भिंतींवर आवाज घुमतो, तेथें दोन गोधड्या टांगल्या कीं काम होतें. पातळी दाखविणारी खूण तांबडी झाली तर आवाज फाटला असें समजावें. तो मागाहून सांधतां येत नाहीं.

चलच्चित्राचें प्रयोजन निराळें आहे. कॅमेरा तिपाईवर स्थिर व आडवा ठेवावा, आणि आरंभीं एक टाळी वाजवावी, म्हणजे वेगळा टिपलेला आवाज चित्राशीं नेमका जुळवितां येतो. पण काय दाखवावें? मुलें चेहरा दाखवितात. जात्यावर लय हातांत असते. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा फिरवितात, आणि ओवी मध्येंच किंचित्‌ थांबते ती जात्यांत मूठभर वैरण घालण्यासाठीं. नुसत्या ध्वनींत हा थांबा चूक वाटतो. चित्रांत त्याचें कारण दिसतें. ज्या विद्यार्थ्यानें हें पाहिलें तो त्या ओवीखालीं तयार ठेका चिकटविणार नाहीं. संपादन अवश्य शिकवावें, पण मूळ मुद्रणाची प्रत जशीच्या तशी जपून.

यंत्रामुळें स्मरणशक्ति आळसावते, असा जुन्या शिक्षकांचा आक्षेप आहे. त्यांत तथ्य आहे. त्यावर उपाय एवढाच कीं, पाठ प्रथम स्मरणानें तीन वेळां म्हणावा आणि मगच मुद्रण ऐकून आपली चूक शोधावी. असें केल्यास यंत्र परीक्षकाचें काम करतें.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. गाणाऱ्याची संमति अगोदर घेतली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन कलावंताचा आपल्या सादरीकरणावरील हक्क मान्य झाला आहे. पण कायद्याच्या पलीकडेही कांहीं आहे. सास्तूरची एखादी आजी ओवी म्हणतां म्हणतां त्या पहाटे गेलेल्या लेकीच्या नांवापाशीं अडेल. त्या क्षणीं मुलानें यंत्र बंद करावें व तिच्याजवळ बसावें. पुढें गावें कीं न गावें, टिपावें कीं न टिपावें, हें तिनें ठरवावें.

आणि काम पुरें झाल्यावर त्यानें परत जाऊन तें तिला ऐकवावें, एक प्रत तिच्या घरीं ठेवावी, आणि एक तरी ओवी तिच्यासमोर स्वतः म्हणून दाखवावी. तिनें मान हलविली तर त्याचा प्रकल्प उत्तीर्ण झाला असें समजावें. आणि तिनें चूक काढली, तर त्याला एक गुरु अधिक मिळाला.