विद्यार्थी आणि मितपान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



दारूबंदीवर मी आज बोलणार नाही. त्या विषयावर आपल्या डोंगरात माझ्याहून थोर माणसे बोलून गेली आहेत. १९२२-२३ च्या देवीच्या चळवळीने दक्षिण गुजरातेपासून खानदेशापर्यंत हजारो आदिवासींना दारू सोडावयास लाविले. पुढे तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी तोच उपदेश केला. १९३८ साली ते निवर्तले व त्यांचे कार्य बंधू रामदास महाराजांनी चालविले. परंतु नंदुरबार, जळगाव, पुणे येथील वसतिगृहांत राहणारी आपली मुले सोडण्याची भाषा बोलत नाहीत. ‘गुरुजी, आम्ही बेताने घेतो,’ असे ती म्हणतात. हा बेत कोण ठरवितो, एवढाच माझा प्रश्न आहे.

मणिबेलीचेच पाहा. अक्कलकुवे तालुक्यातील या नर्मदाकाठच्या गावी चैत्रात मोह वेचावयाचा आणि घरोघर दारू गाळावयाची, ही जुनी रीत. पण पिण्याला निमित्त लागे: लग्न, मरण, देवकार्य. प्रथम देवाच्या व पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडावयाची, मग वडीलधाऱ्यांनी घ्यावयाची, मग इतरांनी. देवमोगऱ्यास याहामोगी मातेच्या यात्रेत आजही मोहाचीच दारू वाहतात. या रीतीत सारे गोडच होते असे मी म्हणत नाही. बायकांनी मार खाल्ला, कर्जापायी जमिनी गेल्या. त्यावाचून का लोक गुलाम महाराजांच्या मागे गेले? तथापि एक गोष्ट ध्यानात घ्या, की माप पिणाऱ्याच्या मनात नव्हते, ते मांडवात होते. चार म्हातारे समोर बसलेले असत.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातील गावांत मणिबेली पहिले. शूलपाणेश्वराचे देऊळ बुडाले, काही कुटुंबे गुजरातेत परवेट्यास गेली, काही वरच्या टेकड्यांवर सरकली. वस्ती विखुरली म्हणजे मांडवही विखुरतो. अशा घरचा अठरा वर्षांचा मुलगा शहरातील वसतिगृहात येतो, तेव्हा त्याचे माप ठरविणारे त्याच्याच वयाचे चार सोबती असतात. त्यात कायद्याने कडक मद्यास २५ आणि बियरला २१ वर्षांची अट. म्हणजे पदवीच्या वर्गातील बहुतेकांना हे चोरूनच करावे लागते. दार लावून, घाईघाईने, उपाशीपोटी जे प्यायचे त्यात बेत कसा राहावा?

आता मनाची गोष्ट. १९७३ साली अमेरिकेत ॲलन मार्लट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. पेल्यात व्होडका आहे असे ज्यांना सांगितले ते अधिक प्यायले, मग पेल्यात खरोखर व्होडका असो वा नुसते टॉनिकचे पाणी. म्हणजे किती प्यावयाचे हे पेल्यातील द्रव्यापेक्षा मनातील समजुतीने ठरले.

त्याहूनही बोधक असे संशोधन प्रिन्स्टन विद्यापीठातील डेबोरा प्रेंटिस व डेल मिलर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. आपल्या विद्यापीठातील मद्यपान आपल्याला जितके खटकते तितके इतरांना खटकत नाही, असे तेथील विद्यार्थ्यांना सरासरीने वाटत होते. सगळेच असे समजत असतील तर सगळ्यांचेच बरोबर असू शकत नाही, हे उघड आहे. आणि पुढील काही महिन्यांत मुलगे त्या खोट्या समजुतीकडेच झुकत गेले. मला हा शोध आपल्या वसतिगृहांचाच वाटतो. ‘सगळे घेतात’ म्हणणाऱ्या मुलाने सगळ्यांना कधी विचारलेले असते काय?

मितपान तरी निर्धोक आहे ना, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही. थोडे पिणाऱ्याचा धोका थोडा, एवढेच. न पिणाऱ्याला भित्रा म्हणण्याची जी चाल पडली आहे, तिला तर शास्त्राचा मुळीच आधार नाही.

आमच्या मंडळाला माझी एक सूचना आहे. येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक वसतिगृहातील आपल्या मुलांकडून बिननावाची एकेक चिठ्ठी घ्यावी. तिच्यात दोनच आकडे असावेत: गेल्या महिन्यात आपण किती वेळा घेतली, आणि इतरांनी किती वेळा घेतली असेल असे वाटते. कोणाचे अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठ्या परगावच्या माणसाने उघडाव्या, आणि दोन्ही आकड्यांच्या सरासऱ्या मुलांसमोरच फळ्यावर लिहाव्या. खडूचा खर्च मी देईन.