रडणारं बाळ बरं

माझी मुलगी सात महिन्यांची असतानाची गोष्ट. दात येत होते, रात्र रात्र घर जागं. शेजारणीनं मायेनं एक गोळी आणून दिली. "उगाळून चाटवा, गप झोपंल," म्हणाली. तेव्हा कोडोलीच्या घरी माझी नानी होती. तिनं गोळी हुंगली आणि काही न बोलता चुलीत टाकली.

पुढं वाचनात आलं, की ही गोळी साऱ्या जगाची आहे. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' दात येणाऱ्या मुलांसाठी विकलं जाई. इंग्लंडातही ते खपे. त्यात होतं मॉर्फीन, म्हणजे अफूचाच अंश. बाटलीवर तसं छापण्याची सक्ती अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानं आली. दातांच्या काही पावडरींत तर पारा असे. मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत. ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास पावडरींतला पारा गेला आणि तो आजारही ओसरला.

आपल्याकडं त्या औषधाचं नाव बाळागोळी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी भरायची तर मूल निजायला हवं होतं. पण अफू रडू थांबवते, तशी भूक मारते आणि श्वासही मंदावते.

त्या रात्री मी नानीला विचारलं, गोळी का जाळलीस? ती म्हणाली, "तुझ्या अम्मीच्या आधी मला एक ल्योक होता. उसाच्या भांगलणीला जायचं होतं. मोहरीएवढी चाटवली आन् झोळीत निजवला. दिवस मावळला तरी उठला नाही. सगळी म्हणाली, दातानं गेला."

श्रोते हो, दात येताना बाळ किरकिरतं, लाळ गाळतं. स्वच्छ बोटानं हिरडी चोळावी, गार ओलं फडकं चावायला द्यावं. जोराचा ताप, जुलाब असले तर दातांवर ढकलू नये, डॉक्टर गाठावा. आणि आत काय आहे ते ठाऊक नसलेली गोळी, कितीही मायेनं आलेली असो, बाळाच्या तोंडात घालू नये.

नानी त्या रात्री लेकीला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसली. मी म्हटलं, "दमलीस, दे इकडं." ती म्हणाली, "रडू दे रे. रडतीया तवर माझ्या जिवाला घोर नाही."