पॅसेजचं क्षेत्रफळ

(दहावी 1985 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2025 मध्ये केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘चाळ ते टॉवर’ असा विषय दिला आणि दहा मिनिटं दिली. शाळेत दोन मिनिटं बोल म्हटलं तरी माझे पाय लटपटायचे, हे बाईंना आठवत असेल. आज पाय ठीक आहेत, गुडघे तेवढे दुखतात. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आठवीत गणिताच्या सरांनी आपल्याला एक उदाहरण घातलं होतं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. एका मजल्यावर 20 खोल्या, तळमजला धरून चार मजले. तर एका चाळीतल्या सगळ्या खोल्यांचं मिळून क्षेत्रफळ किती? उत्तर 12,800. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, पॅसेज धरायचा का?” सर म्हणाले, “पॅसेज कुणाच्या नावावर आहे का? मग सोड.” सगळे हसले आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे गेलो. सर, माफ करा, पण ते उत्तर चुकलं होतं असं मला आता वाटतं.

आपल्यापैकी निम्मे तरी त्या पॅसेजमध्ये वाढले. बाहेरून चाळ बघणाऱ्याला वाटतं, चाळ म्हणजे लाकडी कठड्याची गॅलरी. आपल्याकडे ती नव्हतीच. मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं, टोकाला संडास आणि नळ. दिवसासुद्धा बल्ब लागायचा. भिंती अशा काँक्रीटच्या की खिळा वाकायचा पण आत जायचा नाही. लग्नातला फोटो लावायला आमच्या आप्पांनी दोन रविवार घालवले होते.

या चाळी मुळात आपल्यावरच्या प्रेमापोटी बांधलेल्या नव्हत्या, हे नव्या पिढीला सांगायला हवं. 1920 मध्ये गव्हर्नर लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. गिरणीकामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायचा बेत होता. झाल्या 207 इमारती: वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, 32 आणि शिवडीला 12. सुरुवातीला कामगार तिथं राहायलाच तयार नव्हते. भाडं जास्त, खोल्या कोंदट. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारनं वरळीच्या चाळी चक्क तुरुंग म्हणून वापरल्या. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या तुरुंगाचं घर केलं, आणि ते केलं खोलीत नव्हे, पॅसेजमध्ये. कारण खोलीत जागाच नव्हती. एका खोलीत आठ-दहा माणसं. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. एक जण उठून कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. उरलेले पॅसेजमध्ये. तुम्ही मुलं तिथं बल्बखाली अभ्यास करायचात, कॅरम खेळायचात, तिथंच झोपायचात.

‘तुम्ही मुलं’ असं मी मुद्दाम म्हणते. चाळीच्या आठवणी निघाल्या की आमचे मित्र गहिवरतात. आम्ही मुली जरा कमी गहिवरतो. रात्री संडासला जायचं तर पॅसेजभर झोपलेल्या बाप्यांच्या पायांमधून वाट काढत जावं लागे, आणि सोबतीला आईला उठवावं लागे. मी सहावीपासून संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसे. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं लग्नानंतर अकरा वर्षांनी. तेव्हा ज्यांना 500 चौरस फुटांच्या घरात स्वतःचा संडास मिळाला, त्यांच्यासमोर कुणी ‘जुनं ते सोनं’ म्हणू लागलं तर मी तरी ऐकून घेत नाही.

पण मग चाळीत होतं काय? याचं उत्तर मला एका वहीत सापडलं. ही बघा. लाल पुठ्ठ्याची, वाणी वापरतात तसली लांबट. आमचे आप्पा साचेखात्यात होते. अक्षर बरं होतं म्हणून मजल्याचा हिशोब त्यांच्याकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या वीस खोल्या, दर महिन्याची वर्गणी. पॅसेजचा बल्ब, संडासची सफाई, गणपती, सत्यनारायण, मयत. मयतासाठी वेगळं पान नाही, बल्बच्या खाली लगेच मयत. सफाई करायला येणाऱ्या माणसाचं नाव मात्र वहीत कुठंच नाही. नुसतं ‘सफाई’ आणि पुढे रक्कम. वीस वर्षं एकच माणूस येत होता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आपण सातवीत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले. वर्गात डबे कसे हलके होत गेले ते बाईंनी पाहिलंय, आणि काही डबे बाईंनी स्वतः भरून आणले होते, हे आम्हाला उशिरा कळलं. ज्या मावश्या खानावळ चालवायच्या त्यांचे तर दुहेरी हाल. जेवणारे गडी एकतर गावाला गेलेले, नाहीतर उधारीवर जेवणारे. आमच्या मजल्यावर वीसपैकी चौदा खोल्या गिरणीवर चालायच्या. वहीत फेब्रुवारी 1982 पासून त्या चौदा नावांपुढे आप्पांनी शून्य लिहिलेलं नाही, रेघही मारलेली नाही. लिहिलंय ‘नंतर’. मार्च, नंतर. एप्रिल, नंतर. दीड वर्षाहून जास्त काळ ‘नंतर’. आणि ज्या सहा खोल्यांत बेस्टची, महापालिकेची, पोस्टाची नोकरी होती, त्यांच्या नावापुढे वर्गणी दुप्पट झालेली दिसते. असा ठराव झाल्याची नोंद कुठं नाही. बल्ब चालू राहिला. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, तसा तो ‘नंतर’चा हिशोबही कधी मिटवला गेला नाही. आमचंही नाव त्यात आहे. आप्पा स्वतःच्या नावापुढेही ‘नंतर’च लिहीत होते.

इथं थांबले तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून आणखी एक पान सांगते. जानेवारी 1974. आपण तेव्हा चार-पाच वर्षांचे. वरळीला दलित पँथरच्या सभेनंतर जी दंगल पेटली, तिचे दिवस. त्या महिन्यात वहीत ‘काचा’ आणि ‘रात्रीचा पहारा, चहा-साखर’ असा खर्च आहे. पहारा कुणापासून, हे लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नव्हती. कुठली चाळ आपली आणि कुठली ‘त्यांची’, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मी मोठी झाल्यावर आप्पांना त्या पानाबद्दल विचारलं, तर ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मजल्याची एकी होती, हे खरं. आणि ती मजल्यापुरती, आपल्या माणसांपुरती होती, हेही खरं. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण पलीकडच्या चाळीतली. ती आज इथं बसली आहे, मला हात करते आहे. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, पण तिच्या घरची पायरी मी पहिल्यांदा चढले ती दहावीच्या निकालाच्या दिवशी. मध्ये एक मैदान होतं फक्त. शाळेनं आम्हाला एका बाकावर बसवलं नसतं, तर तेवढंही झालं नसतं.

आता टॉवर. म्हाडानं काम हाती घेतलं, भूमिपूजनं झाली, आपण त्यावर विनोद केले, आणि या वर्षी 14 ऑगस्टला वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत. आमची आई आणि माझा भाऊ त्या 556 मध्ये आहेत. आई 84 वर्षांची आहे. पहिल्या दिवशी तिनं संडासचं दार चार वेळा उघडून बघितलं आणि चार वेळा लावलं. मग खुर्ची घेऊन घराच्या दारात बसली. दार सताड उघडं. भावाची सून म्हणाली, “आजी, दार लावा ना, इथं कुणी उघडं ठेवत नाही.” आई म्हणाली, “मग लोकांना कळणार कसं आपण आहोत ते?”

घरं सोडतीनं दिली. संगणकानं ज्याचा नंबर जिथं काढला तो तिथं. त्यामुळे आमच्या तिसऱ्या मजल्याची वीस घरं आता कुठल्या कुठं विखुरली आहेत. काही वर, काही खाली, आणि बरीचशी अजून बाहेर भाड्यानं, महिन्याचे 25,000 घेऊन वाट बघणारी. याचं मला फार वाईट वाटलं होतं. भावाशी भांडलेही, की तुम्ही सगळ्यांनी मिळून शेजारशेजारची घरं मागायला हवी होती. मग दिवाळीत आईकडे गेले, तर ती समोरच्या दारातल्या बाईंशी बोलत बसलेली. दोघींच्या खुर्च्या आपापल्या उंबऱ्यात, मध्ये लिफ्टची लॉबी. त्या बाई पलीकडच्या चाळीतल्या. पन्नास वर्षं दोघी एकाच बाजारातून भाजी घेत होत्या आणि कधी बोलल्या नव्हत्या. विषय काय, तर 1974 चा. आई सांगत होती, “आमच्याकडं रात्रभर जागं राहायचे.” त्या म्हणाल्या, “आमच्याकडं पण.” मी दारात चपला हातात घेऊन उभी राहिले. आत जायचं धाडस झालं नाही.

म्हणून सोडतीला मी आता शिव्या देत नाही. मात्र त्या लॉबीत खुर्ची टाकली तर चालेल का, यावर सोसायटीच्या पहिल्याच बैठकीत वाद झालाय, हेही सांगून ठेवते. आगीच्या नियमात वाट अडवता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. मग बसायचं कुठं? मेंटेनन्स थकला तर त्या घराचं काय करायचं? नोटीस बोर्डावर नाव लावायचं, की आणखी काही? मुलं विचारतात, लिफ्टचं बिल काय ‘नंतर’वर भागणार आहे का? नाहीच भागणार. लिफ्ट म्हणजे बल्ब नाही. पण ती दुप्पट वर्गणी देणारी सहा घरं कुठल्या नियमात बसत होती, हेही मी त्यांना विचारते. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. माझ्याकडेही नाही.

आता ज्या कामासाठी मी खरं तर बोलायला उभी राहिले, ते सांगते. जिच्याविषयी बोलणार आहे तिची परवानगी घेतली आहे. आपल्या वर्गातली, आमच्याच मजल्यावरची आपली एक मैत्रीण आज इथं आलेली नाही. तिची खोली तिच्या काकांच्या नावावर होती. संपानंतर काका गावाला गेले ते परत आलेच नाहीत. खोलीत तिचे वडील राहिले, भाडं त्यांनी भरलं, त्यांच्यामागं तिनं भरलं. भाडेपावती काकांच्याच नावानं येत राहिली. 160 चौरस फुटांसाठी कुणी कधी विचारायला आलं नाही. 500 चौरस फुटांचं म्हटल्यावर काकांचा मुलगा गावाहून आला. त्याला मी दोष देत नाही. पावतीवर बाप त्याचा आहे, आणि गावाकडे त्यालाही कुठं काय मिळालं. पण चाळीस वर्षं त्या घरात चूल हिनं पेटवली.

ती कागद घेऊन कार्यालयात गेली. मी ही वही घेऊन सोबत गेले. वडिलांचं नाव दर महिन्याला आहे, संपातले ‘नंतर’ धरून. तिथल्या साहेबांनी वही चाळली. वाईट माणूस नव्हता, दोन पानं मन लावून वाचली त्यानं. मग म्हणाला, “बाई, हा पुरावा नाही. यावर कुणाची सही नाही, शिक्का नाही.” आणि वही परत दिली. सर, तेव्हा मला तुमचा पॅसेज आठवला.

वकिलांचं म्हणणं आहे की त्या काळी मजल्यावर राहणाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली, हे कुटुंब कधीपासून आणि कुठल्या खोलीत राहत होतं हे स्वतः सांगितलं, तर प्रकरणाला वजन येईल. निकाल तिच्या बाजूनं लागेलच असं ते म्हणाले नाहीत. सुनावणी जानेवारीत आहे. मी यादी केली, तर आमच्या मजल्यावरची नऊ मुलं-मुली आपल्या तुकडीत होती. त्यातले सहा जण या सभागृहात आहेत, मी मघाशी मोजले. दोघं बदलापूरला आहेत आणि एक नाशिकला, त्यांना फोन केला आहे. सर, त्या चार वर्षांत तिचा पत्ता शाळेच्या रजिस्टरमध्ये तोच लिहिलेला असणार. दाखल्याच्या नकलेसाठी अर्ज मी आणला आहे, तुमचा एक शब्द मुख्याध्यापकांकडे हवा.

वही खाली जेवणाच्या टेबलापाशी ठेवते आहे. आपापल्या आई-वडिलांची नावं बघा, रडायचं तर रडा, पण पानं ओली करू नका. शेजारी कोरे कागद आहेत. तिसऱ्या मजल्यावर जे राहत होते त्यांनी नाव, तेव्हाचा खोली नंबर आणि आताचा फोन लिहून द्या. सोमवारी सकाळी साडेदहाला नोटरीकडे जायचं आहे. आधारकार्ड आणा. आणि ज्यांना तिच्याशी बोलायचं आहे त्यांनी आज रात्री आठनंतर फोन करा, त्याआधी ती कामावर असते.