खाण्यात चोखंदळ समुद्री मासा घरच्या टाकीत ठेवावा का?



सातपाटीत येऊन माशांविषयी बोलणे धाडसाचेच आहे. येथील लहान मूलही कल्ले पाहून पापलेट ताजा की शिळा ते सांगते. पण आजचा विषय ताटातल्या माशाचा नसून काचेच्या टाकीतल्या माशाचा आहे. गप्पी, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातील मासे वर्ष-दोन वर्षे नीट सांभाळता आले, की खाऱ्या पाण्यातील रंगीत मासा आणावा असे वाटू लागते. हा मासा महाग मिळतो. घरी आणल्यावर तो दोन-तीन आठवडे बरा दिसतो, मग रोडावत जातो आणि एके दिवशी तळाशी पडलेला आढळतो. लोक म्हणतात, रोग झाला. पुष्कळदा तो उपाशी मेलेला असतो.

प्रथम आपल्या चंदेरी पापलेटचेच उदाहरण घेऊ. 2023 मध्ये शासनाने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. आपल्याच दर्यातला हा मासा टाकीत का राहू नये, असा प्रश्न येथे हमखास निघतो. त्याचे तोंड पाहा. अंगाच्या मानाने ते अगदी बारीक असते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी व जेलीसारखे मऊ जीव टिपत तो सतत फिरत असतो. खवले इतके नाजूक, की हात लागताच गळतात. त्यामुळे तो जाळ्यातून धडधाकट वर येणेच अवघड. कुवेतच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस बंदिस्त जागेत त्याची पैदास करून दाखवली, पण तो संशोधन संस्थेचा पसारा होता. दिवाणखान्यातल्या टाकीचे ते काम नव्हे.

आता तुमच्या टाकीचा हिशेब करा. 2 फूट लांब, 1 फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी सुमारे 70 लिटर पाणी मावते. वाळू व दगड घातल्यावर त्याहून कमीच. एवढ्या पाण्यात माशाचे नैसर्गिक खाद्य पिकत नाही. मँडरीन नावाचा निळ्या-नारिंगी नक्षीचा सुंदर मासा दुकानात दिसतो. तो दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड हे जीव दिवसभर वेचून खातो. लहान टाकीतले असे जीव तो थोड्याच दिवसांत संपवतो. चार गुंठ्यांच्या बांधावर म्हैस सोडून वर्षभर वैरण विकत घ्यायची नाही असे ठरवण्यासारखेच हे आहे. फुलपाखरू माशांच्या काही जाती तर जिवंत प्रवाळाचेच कोंब खातात. खडक तयार करणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ज्याचा चाराच कायद्याने आणता येत नाही, ते जनावर दावणीला बांधून काय करणार? घोडामाशालाही त्याच वर्षी हे संरक्षण मिळाले. तो जाळ्यात आला तर पाण्यात परत सोडावा, हौसेखातर घरी आणू नये.

कोणी म्हणेल, जास्त खाद्य टाकू, काहीतरी खाईलच. येथेच लहान टाकीचा घात होतो. न खाल्लेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि स्थिरावल्यावरही त्यांची ताकद मर्यादितच असते. मोठ्या टाकीत खपून जाणारी चूक 70 लिटरमध्ये रातोरात सगळे मासे मारते. चोखंदळ मासा असा दोन्हीकडून अडचणीत आणतो. खाद्य कमी टाकले तर तो उपाशी राहतो, जास्त टाकले तर पाणी नासते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला तुमच्या समोर खाद्य टाकायला सांगा. मासा लगेच येऊन तोंडात घेतो का, आणि घेतलेले गिळतो की थुंकतो, ते पाहा. दोन-चार दिवसांनी पुन्हा जाऊन हेच पाहा. तोवर दुसऱ्याने तो विकत घेतला तर घेऊ द्या. मासा फक्त जिवंत आर्टेमियाच खात असेल, तर आपल्यापुरता तो खात नाही असेच समजावे. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात हवा दिल्यास 24 ते 36 तासांत फुटतात हे कोळंबी संवर्धकांना ठाऊकच आहे. पण रोज नवी अंडी घालून तेवढ्यावर मोठा मासा जगवणे घरच्या माणसाला झेपत नाही. पोट आत गेलेला, डोक्यामागची पाठ सुरीच्या धारेसारखी झालेला मासा तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

लहान टाकीसाठी माझी शिफारस एकच आहे: हॅचरीत जन्मलेला क्लाऊन मासा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. हॅचरीतले पिल्लू लहानपणापासून तयार खाद्यावर वाढलेले असते. पूर्ण वाढीतही ते बोटभरच राहते आणि समुद्रफुलाशिवाय सुखाने जगते. अशा टाकीत एक जोडी पुरे.

पाण्याबाबत थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गोडसर व गढूळ होते, आणि तारापूरकडील कारखान्यांच्या सांडपाण्याचाही विचार करावा लागतो. त्यामुळे खाडीचे पाणी भरू नये. मत्स्यटाकीसाठीचे तयार मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात वापरावे. खाण्याच्या मिठाने भागत नाही.

खाद्याच्या बाबतीत मात्र सातपाटीकरांना शहरवाल्यांपेक्षा सोपे आहे. ताजा जवळा गोड्या पाण्यात धुऊन बारीक चिरावा व बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. खारवलेला किंवा सुकवलेला जवळा वापरू नये. गोठवलेला तुकडा वाटीत वितळवून वरचे पाणी फेकावे आणि चिमूटभरच टाकीत सोडावे. तयार दाण्यांच्या जोडीने आठवड्यातून दोन-तीनदा तो द्यावा. पाच मिनिटांत जे उरेल ते लहान जाळीने काढून घ्यावे.