उज्जयिनीच्या दक्षिणेचे प्रपात आणि अरण्ये

(महाजनमंडळींच्या मेळाव्यात वाचलेल्या व्याख्यानाची संहिता)



उत्तरेच्या यात्रेस निघालेले गोमंतकीय कुटुंब उज्जैन येथे सहसा दोन रात्री मुक्काम करते. एक दिवस श्रीमहाकालेश्वराचे दर्शन, दुसऱ्या दिवशी हरसिद्धी, काळभैरव, सांदीपनींचा आश्रम आणि वेळ उरल्यास राजा जयसिंहाची वेधशाळा. तिसऱ्या दिवशी पहाटे ओंकारेश्वरास प्रयाण. उतरण्याची सोय पुष्कळांना माधवनगरात सापडते. शिंदे सरकारच्या अमदानीत वाढलेली ही वस्ती रेल्वेमार्गाच्या पलीकडे असून रिक्षावाले तिला फ्रीगंज म्हणतात; तेव्हा नवख्याने पत्ता सांगताना दोन्ही नावे घ्यावीत हे बरे.

या यात्रेकरूने रामघाटावर क्षिप्रेत स्नान केलेले असते. परंतु ती नदी कोठून येते, कोणत्या डोंगराचे पाणी आणते, हे पाहण्यास तो थांबत नाही. ओंकारेश्वराच्या वाटेवर इंदूर मागे पडले, की मालव्याचे पठार एकाएकी संपते आणि गाडी घाट उतरू लागते. नेमक्या त्याच वेळी पहाटे उठलेली मंडळी गाडीत डुलक्या घेत असतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे तो हाच डुलकीत हरवणारा प्रदेश, त्यातील धबधबे, पायवाटा आणि राखीव अरण्ये.

आपल्या समाजाचा या प्रदेशाशी संबंध आजचा नव्हे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांना उत्तरेत रामचंद्रबाबा शेणवी म्हणत, त्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. त्याच सुखटणकरांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी हा गाव श्रीमंगेश देवस्थानास दिला, ही गोष्ट येथे बसलेल्या बहुतेकांस ठाऊक आहे. फोंडे महालातील देवालय आणि क्षिप्रातीरीचे ज्योतिर्लिंग एकाच भक्ताच्या सेवेने जोडलेले आहेत. दुसरा धागा याहूनही जुना आहे. परशुरामाने बाण सोडून समुद्र हटविला व कोकणभूमी निर्माण केली, ही कथा आपल्याकडील प्रत्येक आजी सांगत आली. त्या परशुरामाचे जन्मस्थान म्हणून मालव्यातील लोक जो डोंगर दाखवितात, तो जानापाव महूच्या पश्चिमेस आहे. महूचे अधिकृत नाव आता डॉ. आंबेडकर नगर.

जानापावाची उंची ८५४ मीटर सांगतात. माथ्यावर कुंड व देवालय आहे, जमदग्नींचा आश्रम येथे होता अशी श्रद्धा आहे आणि कार्तिकी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. येथून साडेसात नद्या निघतात, असे स्थानिक लोक म्हणतात. अर्धी नदी मोजण्याची ही रीत कोणत्याही महसूल कचेरीत चालली नसती! पण या लोकोक्तीत भूगोलाचे मर्म आहे. चंबळा येथेच उगम पावते. ती उत्तरेस वाहत यमुनेस व पुढे गंगेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. त्याच डोंगराच्या दक्षिण अंगावर पडलेला पाऊस मात्र चोरल, कारम अशा ओढ्यानद्यांवाटे नर्मदेस मिळून भडोचजवळ अरबी समुद्रास पोहोचतो. आणि तोच समुद्र मुरगावच्या धक्क्यालाही लागतो. मध्ये एखाद्या घराच्या पाखाडीइतके अंतर असले, तरी दोन थेंबांचे दोन समुद्र होतात.

धबधबे या भागात एवढे का, याचेही कारण हेच. मालव्याचे पठार ज्वालामुखीच्या काळ्या कातळाचे, थरावर थर बसलेले. उत्तरेकडे ते हळूहळू कलते, म्हणून क्षिप्रा आणि चंबळा संथ वाहतात. दक्षिणेकडे ते भिंतीसारखे तुटले आहे. त्या भिंतीशी आलेल्या ओढ्याला उडी घेण्याखेरीज मार्ग नसतो. पाताळपाणी, तिंछा, सीतलामाता, जोगी भडक, बामनिया कुंड, मेहंदी कुंड ही नावे इंदूरकरांच्या तोंडी पावसाळाभर असतात. काजलीगढसारख्या जागी प्रपाताबरोबर जुनी गढी व शिवालयही पाहावयास मिळते. त्यांपैकी पाताळपाण्याचेच वर्णन थोडे विस्ताराने करणे युक्त होईल.

पाताळपाणी महूपासून जवळ आहे. धारेची उंची सुमारे ३०० फूट सांगतात. येथवर येण्याचा जुना मार्ग रेल्वेचा. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये ब्रिटिश सरकारास १ कोटी रुपयांचे कर्ज देऊन खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणविला. संस्थानिकाने सरकारास कर्ज द्यावे असे प्रसंग थोडेच. पाताळपाणी ते कालाकुंड हा सुमारे १० किलोमीटरांचा टप्पा घाटाचा, बोगद्यांचा आणि चोरलच्या दरीचा. महू ते ओंकारेश्वर ही मीटरगेज गाडी २०२३ मध्ये बंद झाली. परंतु डिसेंबर २०१८ पासून या एका टप्प्यावर मोठ्या काचांच्या खिडक्यांची वारसा गाडी सोडली जाते. ती बारमाही नसते, म्हणून आधी चौकशी करून जावे. कालाकुंड स्थानकावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद खाल्ल्याविना कोणी परतत नाही. याच पाताळपाण्याशी तंट्या भिल्ल यांची स्मृती निगडित आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी त्यांना जबलपूर येथे फाशी झाली. पाताळपाण्याच्या मार्गालगत त्यांचे स्मारक असून आदिवासी बांधव तेथे नारळ ठेवतात. प्रपात पाहून आलेल्या पाहुण्याने तेथे क्षणभर उभे राहावे.

आता याच जागेची दुसरी बाजू. जुलै २०११ मध्ये पाताळपाण्याच्या वर, खडकांवर खेळत असलेल्या एका कुटुंबातील माणसे अचानक आलेल्या लोंढ्यात अडकली. एकमेकांना मिठी मारून ती उभी राहिली, काठावरचे लोक ओरडत राहिले आणि पाहता पाहता ती कड्यावरून खाली गेली. त्यांतील काही वाचली, काही परतली नाहीत. त्या प्रसंगाचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. माणसे बेसावध होती असे म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. त्यांच्या डोक्यावर तेव्हा मुसळधार पाऊस नव्हताच. पाऊस पडतो वर, पठारावर, दृष्टीआड. कातळाला पाणी मुरवून घेण्याची सवय नसते आणि वरचे झाड तुटले असेल तर मातीलाही नसते. खाली पाणी घोट्याएवढे असताना लोंढा निघालेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले, पाला व काटक्या वाहत येऊ लागल्या, आवाज बदलला, तर सामान तेथेच टाकून काठ गाठावा. चपला व डबे नंतर मिळतात.

गोमंतकातही जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली. त्याच महिन्यात दूधसागरावर रूळ तुडवीत आलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्याची वार्ता सर्वांनी हसत वाचली. शिक्षा शाळकरी होती. पण ज्याला मनाईचा फलक वाचता येतो आणि तरीही कळत नाही, त्याच्यासाठी दुसरी कोणती शिक्षा शोधावी, हा प्रश्नच आहे.

ज्यांना कड्यापर्यंत जाणे झेपत नाही, अशा वडीलधाऱ्यांसाठी इंदूरलगतचे राळामंडळ सोयीचे. १९८९ पासून ते अभयारण्य आहे. टेकडीवर होळकरांचे शिकारगाह अजून उभे आहे. ज्या माथ्यावरून पूर्वी बंदुका रोखल्या जात, तेथून आता शाळेतील मुले हरणे पाहतात. याहून मोठे आणि दाट अरण्य पाहावयाचे तर देवास व सीहोर जिल्ह्यांतील खिवनी अभयारण्यात जावे. साग आणि बांबू तेथे विपुल आहेत. पक्ष्यांची आवड असणाऱ्याने हिवाळ्यात इंदूरचे सिरपूर तळे आणि यशवंतसागर हे दोन जलाशय पाहावेत. २०२२ साली दोहोंचा समावेश जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत झाला.

यशवंतसागर गंभीर नदीवर आहे आणि तीच नदी पुढे उज्जैनजवळच्या गंभीर धरणात अडविली आहे. उज्जैन शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार ते धरण होय. म्हणजे माधवनगरातल्या धर्मशाळेत यात्रेकरू तांब्याभर पाणी पितो, ते बहुतांशी दक्षिणेकडच्या या माळ-डोंगरांचे असते. तो स्नान मात्र क्षिप्रेत करतो, आणि क्षिप्रेची गोष्ट निराळी आहे.

क्षिप्रा इंदूरच्या आग्नेयेस, उज्जैनी नावाच्याच खेड्याच्या परिसरात उगम पावते. सुमारे १९५ किलोमीटर वाहून ती चंबळेस मिळते. तिला हिमशिखर नाही, मोठा डोंगरही नाही. पावसाळ्यात पठाराने जे पाणी मुरवून ठेवावे, तेच उन्हाळ्यात झऱ्यांनी परत द्यावे, एवढाच तिचा संसार. उगमाकडची झाडी गेली, शेतोशेती कूपनलिका झाल्या आणि हा संसार मोडला. सिंहस्थ वैशाखात येतो. नदी त्याआधीच आटू लागली. इंदूर शहराचे सांडपाणी कान्ह नदीवाटे त्रिवेणीजवळ तिला मिळे ते वेगळेच. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ते नळातून वळविण्याची योजना करावी लागली.

मग नर्मदा आणली गेली. ४३२ कोटी रुपये खर्चाच्या नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेचे पाणी फेब्रुवारी २०१४ मध्ये उज्जैनी येथे क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. ओंकारेश्वर प्रकल्पाच्या कालव्यातून ते सुमारे ४७ किलोमीटर नळांतून येते आणि वाटेत पंपांनी सुमारे ३५० मीटर उंच चढविले जाते. २०१६ मध्ये रामघाटावर ज्यांनी शाही स्नान केले, त्यांनी नर्मदेच्या पाण्याने भरलेल्या क्षिप्रेत केले. याविरुद्ध धर्मदृष्ट्या कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही; नर्मदा काही परकी नव्हे. परंतु हिशेब मांडून पाहावा. दरवर्षी पावसाळ्यात पाताळपाणी, तिंछा आणि अशाच अनेक कड्यांवरून पठाराचे पाणी फुकट नर्मदेच्या खोऱ्यात उतरते, आणि त्याच खोऱ्यातून तेच अंतर वीज जाळून पाणी पुन्हा वर न्यावे लागते. पठारावरच्या प्रत्येक तोडलेल्या झाडागणिक खाली जाणारा लोंढा मोठा होतो आणि वर चढवावयाच्या पाण्याचे देयकही.

गोमंतकीयांस हे सांगावयास नको. म्हादईच्या पाण्यासाठी आपले राज्य कर्नाटकाशी वर्षानुवर्षे भांडत आले, लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये झाला आणि वाद तरीही मिटला नाही. म्हादई व नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली राज्यपाल जनरल जेकब यांच्या कारकिर्दीत घोषित झाली, तेव्हा नाके मुरडणारे थोडे नव्हते. क्षिप्रेकाठी उभे राहून पाहिले, की झाडी राखलेली नदी आणि न राखलेली नदी यांतला फरक कोणा शास्त्रज्ञाने समजावून देण्याची गरज उरत नाही.

या प्रदेशात कसे हिंडावे, याचा वस्तुपाठ उज्जैनच्याच एका मराठी गृहस्थांनी घालून दिला आहे. विष्णू श्रीधर उर्फ हरिभाऊ वाकणकर यांचा जन्म १९१९ चा, नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना दूरवर काही खडक त्यांना दिसले. इतर प्रवाशांनाही ते रोज दिसत होतेच. वाकणकर उतरले आणि रान तुडवीत तेथवर गेले. भीमबेटकाच्या चित्रगुहा जगाला अशा कळल्या. २००३ मध्ये त्या जागतिक वारसा ठरल्या. पुढे १९८५ मध्ये, वयाच्या साठीनंतर, लुप्त सरस्वतीचा माग काढण्यासाठी त्यांनी मोहीम काढली. ज्या समाजाने त्या नदीचे नाव धारण केले आहे, त्याने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. १९८८ मध्ये ते निवर्तले. भीमबेटका ज्या रातापानीच्या जंगलात आहे, ते डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि त्यास वाकणकरांचे नाव देण्यात आले. हे अरण्य भोपाळच्या बाजूस असल्याने उज्जैनहून एका दिवसात उरकण्यासारखे नाही. त्यासाठी वेगळा मुक्काम ठेवावा.

राहता राहिला काळवेळेचा विचार. श्रावण-भाद्रपदात धारा भरून असतात, पण काठ निसरडे असतात. मुले व वृद्ध बरोबर असतील तर दुरूनच पाहावे. मार्गशीर्षानंतर बहुतेक धबधबे रोडावतात आणि उन्हाळ्यात काळा कातळ तेवढा उरतो. कुटुंबासाठी आश्विन-कार्तिक उत्तम. आपल्या देवस्थानांत कार्तिकात आवळीखाली वनभोजन होते. मालव्यातही रानात जाऊन दाल-बाफले रांधण्याची हौस मोठी आहे, आणि पाऊस ओढ देऊ लागला की सारे गाव शिवारात जाऊन चूल मांडते. माधवनगराहून पहाटे निघालेली गाडी इंदूर, महू करीत दुपारपूर्वी जानापावाच्या पायथ्याशी पोहोचते. वरपर्यंत रस्ता आहे, तथापि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी शेवटचा चढ पायी चढावा. शिधा बरोबर न्यावा, पत्रावळी पानांच्या असाव्यात, आणि कुंडात साबण लावून कोणी कपडे धुऊ नयेत. खाली चंबळा आहे.